चाळीस नंबरांचा प्लॅन

फोटोत केस होते आणि पस्तिसाव्या वर्षी माझ्या डोक्यावर नव्हते. लग्न जमवणाऱ्या साइटला पैसे भरल्यानंतर माझं जे काही झालं, ते या एका वाक्यात बसतं. तरी सविस्तर सांगतो, कारण थोडक्यात सांगितलं की ऐकणाऱ्याला सगळा दोष आईचा वाटतो.

मी वाळूजला एका कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे. गाड्यांचे छोटे सुटे भाग आमच्याकडं बनतात. मी ते मोजतो. बरोबर असेल तर हिरवी चिठ्ठी, चूक असेल तर लाल. ज्याच्याबद्दल निर्णय घ्यायची हिंमत होत नाही त्याला पिवळी. पिवळ्या चिठ्ठीचा माल एका जाळीच्या खोलीत जातो, त्या खोलीला होल्ड म्हणतात. तीन दिवसांच्या वर तिथं काही राहू नये असा नियम आहे. माझा एक क्रेट तिथं दोन दिवाळ्या बघून बसला होता. तेवढ्यावरून माझ्या लग्नाला उशीर का झाला हे हुशार माणसाला कळेल.

आमच्या घरात आजोबांपर्यंत पोथ्या होत्या आणि वडिलांपासून फायली. वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले, पण जिल्हा परिषद त्यांच्यातून झाली नाही. नातेवाइकांनी आणलेली सात-आठ स्थळं पाहून संपली होती. बरीचशी त्यांनी नाकारली, दोन मी नाकारली, आणि त्या दोघींची आठवण पुढं मला फार दिवस पुरली. शेवटी एका रविवारी चहा पिता पिता वडिलांनी माझं लग्न विषयपत्रिकेवर घेतलं. पैसे भरून एखादी सेवा घ्यावी, हे त्यांना मान्य होतं. मात्र घाईनं नाही. तीन दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, मग शिफारस. मला यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही कारखान्यात खिळेसुद्धा असेच घेतो.

पहिलं दरपत्रक समाजाच्या मंडळाचं. त्यांचं कार्यालय उस्मानपुऱ्यात, रविवारी दहा ते बारा. एक लोखंडी कपाट, त्यात मुलांच्या फायली निळ्या आणि मुलींच्या गुलाबी. निळ्यांना तीन कप्पे पुरले नव्हते, गुलाबी एकाच कप्प्यात ऐसपैस आडव्या पडल्या होत्या. टेबलामागच्या आजोबांनी चष्मा कपाळावर घेतला आणि विचारलं, 'मुलासाठी आलात का?' वडील माझ्या शेजारीच होते, म्हणून मला वाटलं त्यांना विचारतायत. ते मला विचारत होते.

दुसरं, मोबाइलवरचं डेटिंगचं ॲप. ते कारखान्यातल्या तरुण पोरांनी सुचवलं. पैसे भरले तर तुम्हाला कुणी पसंत केलंय ते दिसतं म्हणे. मी आधी फुकटातलं करून पाहिलं. आपल्या आसपासचे लोक ते दाखवतं आणि ते मी फारच मनावर घेऊन कारखान्यातच उघडलं. पहिल्याच बोटासरशी आमच्या एचआरच्या मॅडम समोर आल्या, समुद्रकिनाऱ्यावर, टोपी घालून. मी फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर लावून घेतला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझ्या टेबलापाशी येऊन सेफ्टी ट्रेनिंगचा फॉर्म राहिल्याची आठवण करून दिली. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी पाच मिनिटांत फॉर्म भरला आणि ॲप काढून टाकलं.

तिसरं म्हणजे लग्नाची साइट. तिथल्या बाईंचा फोन आला. त्या हिंदीत म्हणाल्या की माझ्यासाठी खूप चांगली स्थळं आलेली आहेत. मी तोवर जन्मतारीखसुद्धा भरली नव्हती. पण त्यांच्या योजनेत एक गोष्ट स्पष्ट होती: तीन महिने मुदत आणि चाळीस फोन नंबर. स्थळं कितीही बघा, पण नंबर उघडायचा म्हटलं की चाळिसातला एक कमी. वडिलांना आणि मला दोघांनाही नग आणि मुदत लिहिलेली असली की लगेच विश्वास बसतो.

तक्ता मी केला. रकाने चार: स्थळांची संख्या, खरेपणा, मुदत आणि लाज. शेवटचा रकाना वडिलांनी लाल पेननं खोडला आणि बाजूला 'अनावश्यक' असं लिहून सही केली. शिफारस तिसऱ्याची झाली.

साइटवर पहिलाच प्रश्न होता, प्रोफाइल कोण बनवतंय. स्वतः, की आई-वडील? मी 'आई-वडील' निवडलं. पस्तीस वर्षांचा माणूस स्वतःच स्वतःची जाहिरात करतोय हे बरं दिसेना, आणि आमच्यात मुलीकडचे लोक बोलायचं झालं तर आईशीच बोलतात. आई-वडील म्हटल्यावर नंबरही आईचाच द्यावा लागला, आणि नंबर आईचा म्हणून साइटचं ॲप आईच्या फोनवरही आलं. ही पहिली चूक.

दुसरी चूक फोटोची. माझा बरा म्हणावा असा एकच फोटो होता, मावसभावाच्या लग्नातला, सहा वर्षांपूर्वीचा. त्यात मी कुणाच्या तरी विनोदाला हसतोय आणि कपाळावर केस आलेले आहेत. वडिलांनी फेटा घालून नवीन फोटो काढायची सूचना केली होती. ती मला अप्रामाणिक वाटली, म्हणून मी जुना लावला. त्या वेळी या युक्तिवादात मला काही चूक दिसली नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती दिसली. जालन्याची. वय बत्तीस. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी. फोटोत पांढरा कोट घालून उभी, डोळे अर्धे मिटलेले, काढणाऱ्याला घाई असावी आणि तिला पर्वा नसावी. बाकीच्या प्रोफाइलवर मनमिळाऊ, सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष वगैरे लिहिलेलं असायचं. हिच्या प्रोफाइलवर शेवटी दोनच वाक्यं होती. 'फोटो आत्ताचा लावावा. माझा आत्ताचा आहे.'

मी ती वाक्यं वाचली, डोक्यावरून हात फिरवला आणि तिला पिवळी चिठ्ठी लावली.

मला तीच हवी होती, हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. नंबर उघडायचा, आईला सांगायचं, आईनं फोन करायचा, इतकं सोपं काम. पण मग तिच्याकडचे माझा फोटो बघणार आणि भेटीच्या दिवशी फोटोतला माणूस काही येणार नाही. नाहीतर आधी फोटो बदलायचा आणि मग फोन करायचा. पण नवीन फोटो बघून तिनं फोनच घेतला नाही तर? मी रोज सकाळी सव्वानऊच्या चहाला होल्डच्या जाळीपाशी उभा राहून तिचं प्रोफाइल उघडायचो, दोन वाक्यं वाचायचो आणि बंद करायचो. न बोलता, न बोट लावता नुसतं बघण्यात कुणाचं काही जात नाही, असं मी धरून चाललो होतो. ही तिसरी.

होल्डच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडं असते तो बजाजनगरला राहतो. मूळचा मेंढरं राखणाऱ्या घरातला, वडील अजून कळप घेऊन फिरतात. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आणि दोन पोरांचा बाप. आठवडाभर त्यानं मला पाहिलं आणि मग विचारलं, 'साहेब, कामून रोज एकच फोटो बघता? पाठ करायचाय व्हय?'

मी म्हटलं, विचार करतोय.

'माझं मामानं जमवलं,' तो म्हणाला. 'मामा बोलला, पोरगी चांगली हाय. मी बोललो, व्हय. तिला पण तेवढंच विचारलं.'

'आणि तिनं नाही म्हटलं असतं तर?'

'तर नाय. त्यात काय?' त्यानं चहाचा कप जाळीवर ठेवला. 'तुमचं लई अवघड हाय साहेब. तुम्ही विचारतच नाय, तर ती नाय तरी कशी म्हणंल?'

मी त्याला होल्डची यादी मागितली.

दोन महिने होत आले तेव्हा एकदा ॲपच्या कोपऱ्यात माझी नजर गेली. तिथं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, उरलेले नंबर: चार. मी स्वतः तोवर तीन उघडले होते. तिघींच्याही घरी आईनं फोन केला होता आणि तिघींकडूनही 'कळवतो' आलं होतं. बाकीचे तेहतीस कुठं गेले?

संध्याकाळी घरी येऊन आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. तिनं न दडवता विमा कंपनीची जुनी डायरी आणून समोर ठेवली. सगळे तेहतीस नंबर तीत होते, प्रत्येकापुढं शिक्षण, गाव, घरात कोण कोण. आणि शेजारी दुसरीच माणसं लिहिलेली: बीडच्या मावशीचा मुलगा, तिच्या भजनी मंडळातल्या एकीची भाची, वरच्या मजल्यावरच्या काकूंचा पुण्याचा मुलगा. दोन ठिकाणी टिक केलेलं होतं.

'दोन जमली,' आई म्हणाली. तिच्या आवाजात लपवून ठेवलेला आनंद होता. 'भाचीच्या तर याद्यासुद्धा झाल्या.'

माझ्या लग्नाच्या प्लॅनवर गल्लीतली लग्नं चालली आहेत, असं मी बरंच काही बोललो. वडिलांकडं दाद मागितली तर त्यांनी प्रकरण आपल्या अखत्यारीत नसल्याचं सांगितलं. आई मेथी निवडतच होती. माझं संपल्यावर म्हणाली, 'अरे, आधी तुझ्यासाठीच करते ना फोन. ते पगार विचारतात, तोवर बरं असतं. मग वय विचारतात. मग गप्प बसतात. आता समोरचा गप्प बसला तर फोन काय आपटायचा? मग मी विचारते, तुमच्याकडं कुणी मुलगा आहे का. नाहीतर ह्या वरच्या पुण्याच्याचं सांगते. म्हणजे त्यांनाही वाईट वाटत नाही.'

तेहतीस ठिकाणी ती माणसं गप्प बसली होती, आणि मला त्यातलं एकही कळू दिलं नव्हतं. मला राग पुढं चालवायचा होता, पण तो आता कुठं न्यावा हे कळेना. मी तिच्याबरोबर थोडा वेळ मेथी निवडली.

उठताना एवढंच म्हटलं की राहिलेल्या चारांतला एक माझा आहे, त्याला हात लावू नकोस. आईनं लगेच विचारलं, कोणती? मी म्हटलं, आहे एक. पस्तिसाव्या वर्षी आईसमोर लाजायला मला तीच वेळ सापडली. ही चौथी, आणि सगळ्यात महाग पडलेली.

कारण पुढच्या दहा दिवसांत मी तो नंबर उघडला नाही, आणि आईला कुठला उघडायचा नाही ते माहीत नव्हतं.

एका रविवारी सकाळी आई म्हणाली की वरच्या काकूंकडं कार्यक्रम आहे, त्यांच्या मुलाला बघायला येतायत, आपल्या चार प्लास्टिकच्या खुर्च्या वर नेऊन दे. चांगल्या प्लेटाही तिनं काढून ठेवल्या होत्या. मी विचारलं, मुलीकडचे इकडं कसे येतायत? एरवी आमच्यात मुलगा जातो. आई हसली. मुलगी मोठी ठसक्याची आहे म्हणाली. तिनं फोनवर सांगितलं की आमच्या घरी आजवर सात वेळा पोहे झाले, आता मी येऊन खाईन आणि घर बघेन. काकूंना हे फारसं आवडलं नव्हतं, पण मुलाला रजा एकच दिवस होती.

गारखेड्यातल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर, काकू दुसऱ्या. मी चारही खुर्च्या एकात एक घातल्या, उलट्या करून डोक्यावर घेतल्या आणि जिना चढू लागलो. अंगात घरचा बनियन आणि अर्धी पँट. मागून पावलं आली, म्हणून मी मधल्या वळणावर बाजूला झालो. एक वयस्कर गृहस्थ वर गेले, त्यांच्यामागं एक बाई, आणि त्यांच्यामागं ती.

फोटो अगदी तिच्यासारखाच होता. फक्त डोळे पूर्ण उघडे होते, आणि ते माझ्यावर होते.

अशा वेळी माणसानं स्थिर राहावं. मी नमस्कार करायला गेलो. दोन्ही हात खुर्च्यांना होते, त्यामुळं खुर्च्या कलंडल्या, कठड्यावर आपटल्या आणि त्यांच्याखाली सहा वर्षं जे काही घडलं होतं ते तिच्यासमोर उघडं पडलं. तिनं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग वर पाहिलं, मग पुन्हा चेहऱ्याकडं. आणि वर निघून गेली.

मी खुर्च्या दारात ठेवून खाली आलो आणि आमच्या घरात आईच्या डायरीचं शेवटचं पान उघडलं. 'जालना. बी.एस्सी. ॲग्री. वडील निवृत्त शिक्षक.' शेजारी: 'दुसरा मजला.' ॲपच्या कोपऱ्यात उरलेले नंबर: शून्य. आई कौतुकानं सांगत होती की हिच्या वडिलांना फोन केला तेव्हा मी तुझंच बोलणार होते, पण ते आधीच म्हणाले, मुलीला फोटोचं फार वेड आहे, फोटो आत्ताचाच लागतो. 'म्हणून मग तुझं नाही काढलं,' ती म्हणाली. वरच्याचा फोटो मागच्याच महिन्यातला होता.

वर तासभर कार्यक्रम चालला. मी खाली पंख्याखाली बसून छताकडं बघत होतो. मध्ये दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं असावं, कारण जिन्यात दोन जोडी चपला वर गेल्या आणि वीस मिनिटांनी खाली आल्या. मग काकूंनी जिन्यातून हाक मारली, खुर्च्या घेऊन जा म्हणून. मी शर्ट आणि पँट घातली होती एवढीच प्रगती.

आमच्याकडं पाहुणे निघाले म्हणजे निघत नाहीत. दारात उभं राहून खरं बोलणं सुरू होतं. तिचे वडील आणि काकू कुणाच्या तरी ओळखीपर्यंत पोचले होते, आई मध्ये उभी राहून त्यात भर घालत होती. मी तिघांच्या मधून वाट काढत खुर्च्या उचलल्या. तिनं त्यातली वरची एक काढून घेतली. 'ही मी घेते,' म्हणाली आणि माझ्या पुढं जिना उतरू लागली. वरच्यांना वाटलं असेल, मुलगी कामसू आहे.

मधल्या वळणावर ती थांबली.

'साइटवर तुम्हाला केस आहेत,' ती म्हणाली.

'होते.'

'आणि तुम्ही रोज सव्वानऊला येता.'

कुठं, असं विचारलं असतं तर खोटं झालं असतं.

'आम्हाला दिसतं,' ती म्हणाली. 'कोण आलं, किती वाजता, किती वेळा. मी पण पैसे भरलेत. बाकीचे एकदा येतात. तुम्ही बावन्न वेळा आलात. आमच्या लॅबमधल्या सगळ्यांना तुम्ही माहिती आहात. सव्वानऊ वाजले की विचारतात, आला का?'

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मी खुर्च्या पायरीवर टेकवल्या.

'मग एकदाही बोलला का नाहीत?' तिनं विचारलं.

कारखान्याची सवय तोंडात असते. मी म्हटलं, 'होल्डवर ठेवलं होतं.'

'मला?'

'नाही. मला.'

ती पहिल्यांदा जराशी हसली, पण लगेच आवरलं. 'आमच्याकडं मक्याला सात दिवस देतात,' ती म्हणाली. 'कापसाला बारा. ओल्या कागदात ठेवायचं आणि बघायचं. तेवढ्यात नाही उगवलं तर नापास. तुम्हाला मी दोन महिने दिले. शेवटी वाटलं, हा माणूस दारापर्यंत येऊन परत जाणाराच आहे.'

'वरचं कसं वाटलं?' मी विचारलं. ते विचारायचा मला काही अधिकार नव्हता.

'फोटोसारखाच आहे,' ती म्हणाली. 'पण पुण्यात राहायचंय त्याला, आणि मी लॅब सोडणार नाही. ते गच्चीवर गेल्या गेल्या बोलून झालं. उरलेला वेळ आम्ही तुमच्या टाक्या बघितल्या.' तिनं खुर्ची आमच्या दारापाशी टेकवली. मग म्हणाली, 'फोटो बदला.' आणि वडिलांना हाक मारत वर गेली.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला मी किल्लीवाल्याला फोटो काढायला सांगितलं. त्यानं मला जाळीसमोर उभं केलं, हेल्मेट काढायला लावलं, उजेडाकडं तोंड करायला लावलं. डोक्यावर नळीच्या दिव्याची एक पट्टी चमकत होती. त्यानं फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, 'आता कसं, जसा माल तसा फोटो.' तो फोटो साइटवर चढवला. तपासून लावायला चोवीस तास लागतील असं साइटनं कळवलं. एका क्वालिटीवाल्याला दुसऱ्यानं थांबवल्याचा मला राग आला नाही. मुदत संपायला वीस दिवस उरले होते, पण नंबर एकही उरला नव्हता. डायरीत तिच्या वडिलांचा नंबर होता, तो मी तीनदा फोनवर टाकला आणि तीनदा पुसला. तीही तिसऱ्या चुकीच्याच जातीची चूक होती, तिची गणती मी सोडून दिली आहे.

मंगळवारी आईला फोन आला. मी त्या दिवशी रजा टाकून घरी होतो, म्हणून हे माझ्यासमोर घडलं. आईनं खांद्यावर फोन धरून पोळी उलटली आणि सवयीनं सुरुवात केली. हो, बोला, कुठून बोलताय, जालना का, बरं बरं. मग डायरी ओढून घेतली आणि विचारलं, 'तुमच्याकडं मुलगा आहे का?'

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

'मुलगी? हो का. शिक्षण काय तिचं?' आई लिहू लागली. 'बी.एस्सी. वय? बत्तीस. नोकरी? ...' तिचं पेन थांबलं. पोळीला वास येऊ लागला. तिनं फोन छातीशी धरला आणि माझ्याकडं वळून दबक्या आवाजात म्हणाली, 'अरे, ही तर आपली दुसऱ्या मजल्याची आहे. म्हणते, मुलगी मीच. फोटो बघितला म्हणते. आणि मुलाला द्या म्हणते.'

'कुठल्या मुलाला?' वडिलांनी आतून विचारलं. त्यांना नोंद अचूक लागते.

मी फोन घेतला. गॅलरीत गेलो. तिकडं प्रयोगशाळेचा आवाज येत होता, भांड्यांचा, आणि कुणीतरी हसून गप्प झालं. 'माझा एक नंबर राहिला होता,' ती म्हणाली. 'तुमच्यावर घालवला. आता तरी बोला.'

मी बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही. तिला आठवतं, आणि ते तिनं मला कधी सांगितलेलं नाही, त्यावरून फारसं चांगलं नसावं.

लग्नाला आता दीड वर्ष झालं. ती रोज सकाळच्या गाडीनं जालन्याला जाते आणि संध्याकाळी परत येते. बिल्डिंगमध्ये बरेच दिवस बोलणं कमी होतं. माझ्या खुर्च्यांच्या फेऱ्या मुद्दाम होत्या असं काकूंचं मत होतं, आणि मी ते खोडायला गेलो नाही, कारण तेवढा हिशोबी मी असतो तर तेहतीसच्या तेहतीस घरांना गप्प बसावं लागलं नसतं. पुढं काकूंच्या मुलाचं पुण्यातच जमलं, त्यानंच जमवलं, आणि जिन्यातली बोलणी पूर्ववत झाली. आमच्या चांगल्या प्लेटा मात्र अजून त्यांच्याकडंच आहेत. होल्डमधला माझा क्रेट मी त्याच महिन्यात काढला. त्यातला निम्मा माल पास होता.

परवा संध्याकाळी काकू आमच्याकडं बसल्या होत्या, नातवाच्या बारशाची यादी करत. टेबलावर आईचा फोन वाजला. काकूंनी सहज वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. पडद्यावर लिहिलं होतं: दुसरा मजला मुलगी जालना.

'अजून बदललं नाही का हो हे?' काकूंनी विचारलं.

'नंबर तोच आहे ना,' आई म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. 'घे. गाडी चुकली असेल तिची.'